बोटीची वाट

साइमा हे फिनलंडमधलं सगळ्यांत मोठं तळं. क्षेत्रफळ साधारण 4,400 चौरस किलोमीटर. पण या आकड्यावरून डोळ्यांपुढे मोकळं, सपाट, पल्याड न दिसणारं पाणी आणाल तर ते साइमा नव्हे. यात बेटंच मुळी 14 हजारांच्या घरात आहेत. सगळ्या खाचाखोचा धरून किनारा मोजला तर जवळपास 15 हजार किलोमीटर भरतो. महाराष्ट्राची अख्खी किनारपट्टी हजार किलोमीटरही नाही, एवढं सांगितलं की पुरे. डेकवर उभं राहावं तर समोर पाणी संपलेलं दिसतं, पाइनची गर्द रांग आडवी आलेली असते, बोट सरळ त्या झाडांवर चाललेली असते, आणि अगदी जवळ गेल्यावर कुठेतरी एक फट उघडते. फटीपलीकडे पुन्हा पाणी. दिवसभर हेच चालतं आणि दिवसभर जीव रमतो.

आमचा भाचा एस्पोला नोकरीला आहे. हेलसिंकीला लागूनच हे शहर, आणि दूरसंचाराच्या कामामुळे तिथे मराठी घरं बरीच. त्याची आई, म्हणजे माझी ताई, उन्हाळा तिथेच काढते. मी गेले तेव्हा स्वयंपाकघरात नळाखाली पेला धरत तो म्हणाला, "मावशी, हे पाणी पाइयान्ने तळ्यातलं. खडकातून 120 किलोमीटरचा बोगदा काढून इथवर आणलंय." 1982 साली हा बोगदा पुरा झाला. फिनलंडच्या राजधानीच्या परिसरातली माणसं तळ्याचं पाणी पितात, तेही बरंचसं उताराच्या जोरावर वाहत आलेलं. मला ते इतकं आवडलं की मी लागलीच नकाशा मागितला. "मग तुम्ही दोघी बोटीनेच जा," तो म्हणाला. "लाप्पेनरांता, सावोनलिन्ना, कुओपिओ. तळ्यातळ्यातून वर."

वर हा शब्द इथे खरोखरीच लागू आहे. साइमा समुद्रापासून फार लांब नाही, पण समुद्राहून सुमारे 76 मीटर उंच आहे. हिमयुगातला बर्फ मागे हटताना सालपाउसेल्का नावाचे दगडमातीचे लांबच लांब बांध सोडून गेला, त्या बांधांच्या मागे हे पाणी अडलं. बर्फाच्या भाराखाली दबलेली जमीन भार गेल्यावर हळूहळू वर येऊ लागली, आणि वायव्येकडे ती जास्त वेगाने वर आली. तळं त्यामुळे आग्नेयेकडे कलत गेलं. मग सुमारे सहा हजार वर्षांपूर्वी इमात्राजवळ पाण्याने बांध फोडला आणि वुओक्सी नदी जन्माला आली. ती जाते लाडोगा सरोवराला, म्हणजे आजच्या रशियात. पाण्याने स्वतःची वाट काढली खरी, पण ती धबधब्यांची. त्या वाटेने बोट जाऊ शकत नव्हती, लाकूड आणि डांबर विकायला समुद्रापर्यंत नेता येत नव्हतं.

म्हणून साइमा कालवा. फिनलंड तेव्हा रशियाच्या झारच्या अमलाखालची एक ग्रँड डची, म्हणजे बरंचसं स्वायत्त संस्थान. 1845 ला खोदाई सुरू झाली, नियोजनात निल्स एरिकसन हा स्वीडिश अभियंता होता, आणि 7 सप्टेंबर 1856 ला, झार दुसऱ्या अलेक्झांडरच्या राज्याभिषेकाच्या दिवशी, कालव्याचं उद्घाटन झालं. 28 लॉक होते, म्हणजे पाणी भरून किंवा सोडून बोटीला वर-खाली करणारे दरवाज्यांचे हौद. पायऱ्यापायऱ्यांनी उतरत बोटी व्हीपुरीच्या (आजचं रशियातलं व्हीबोर्ग) उपसागरात, आणि तिथून जगात कुठेही. आतल्या जंगलातल्या गावांना समुद्राचं बंदर मिळालं. सुकाणू धरणाऱ्याला शेतकरी म्हणायचं की दर्यावर्दी, असा प्रश्न पडावा अशी माणसं या तळ्याकाठी तयार झाली.

लाप्पेनरांताहून छोट्या बोटीने आम्ही कालव्यात गेलो. पहिलंच लॉक मॅल्कियाचं. आजच्या कालव्यातलं सगळ्यांत खोल, पाण्याच्या पातळीत 12.4 मीटरचा फरक. बोट एका काँक्रीटच्या हौदात शिरली, खलाशाने दोर टाकून तिला भिंतीशी धरलं, मागचा दरवाजा बंद झाला. मग काहीच घडलं नाही असं वाटलं. भिंतीवर माझ्या डोळ्यांसमोर एक हिरवट शेवाळी रेघ होती, ती हळूच कपाळाच्या वर गेली. मग हाताच्या वर. ओली भिंत वाढत गेली, वरचं आकाश अरुंद होत गेलं, आणि उन्हाळ्याच्या दुपारी अंगावर गारवा आला. भिंतीतून पाण्याच्या बारीक धारा निथळत होत्या. खलाशी एकटाच कामात होता, दोर ताठ झाला की थोडा सोडायचा, पुन्हा धरायचा. ताईने माझा हात घट्ट पकडला होता. पाणी ओढायला इथे एकही पंप नाही. वरच्या तळ्याचं वजन आणि दोन दरवाजे, एवढ्यावर अख्खं जहाज चार मजले खाली उतरतं किंवा वर चढतं.

त्या बोटीवर एक आजी भेटल्या, नातीबरोबर आल्या होत्या, इंग्रजी नात बोलायची. आजींचं घराणं व्हीपुरीचं. 1940 च्या मार्चमध्ये फिनलंड आणि सोव्हिएत संघातलं हिवाळी युद्ध संपलं तेव्हा करेलियाचा, म्हणजे व्हीपुरी ज्यात होतं त्या पूर्वेकडच्या प्रांताचा, मोठा भाग सोव्हिएत संघाकडे गेला, पुढे युद्धात तो काही काळ परत आला आणि 1944 ला कायमचा गेला. चार लाखांहून जास्त करेलियन माणसं घरं सोडून पश्चिमेकडे आली. देशाच्या दहा माणसांतलं एकाहून जास्त माणूस विस्थापित. आणि कालवा मधोमध तुटला: वरचा भाग फिनलंडमध्ये, समुद्राकडचा सरहद्दीपलीकडे. 1963 साली फिनलंडने सोव्हिएत संघाकडून पलीकडचा पट्टा पन्नास वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतला, कालवा नव्याने बांधला, 28 लॉकांच्या जागी आठ मोठी लॉक आली, आणि 1968 ला वाहतूक पुन्हा सुरू झाली. आजींची आई त्यानंतर एकदा बोटीने व्हीपुरीला जाऊन आली होती. घर उभं होतं, आत दुसरी माणसं राहत होती. तिने खालूनच बघितलं.

पुढे भाडेपट्टा वाढवून घेतला गेला. पण 2022 ला रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यावर मालवाहतूक जवळजवळ थांबली, आणि 2023 च्या अखेरीला फिनलंडने रशियाकडची जमिनीवरची सरहद्दच बंद केली. आठातली तीन लॉक फिनलंडच्या बाजूला आहेत. आमच्यासारखे उतारू त्यांतून खाली जातात, वळतात, परत वर येतात. आजी म्हणाल्या (नातीने सांगितलं), की दर उन्हाळ्यात एकदा तरी त्या कालव्यात येतात. मी का म्हणून विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती.

सावोनलिन्नाला ओलाविनलिन्ना किल्ला पाण्यातच उभा आहे, 1475 चा, स्वीडिश राज्याच्या पूर्व सरहद्दीवर एरिक अॅक्सेलसन टोट याने उभारलेला. तिन्ही गोल बुरूज पाण्यावरूनच बघावेत. किल्ल्याभोवतीची सामुद्रधुनी वेगवान आहे, हिवाळ्यातही सहजी गोठत नाही, त्यामुळे बर्फावरून चाल करून येणाऱ्यालाही तिथे अडायला व्हायचं. अंगणात जुलैत ऑपेरा महोत्सव भरतो, त्याची सुरुवात 1912 ला आयनो आक्ते या गायिकेने केली. तिकिटं आमच्या ऐपतीबाहेरची होती, तर आम्ही बाजारात बसून म्युइक्कू खाल्ले. बोटाएवढे मासे, राईच्या पिठात घोळवून लोण्यात तळलेले, डोक्या-शेपटीसकट खायचे. ताई चातुर्मास पाळते, तिने लोर्त्सी घेतली, सफरचंदाचं सारण भरलेली अर्धचंद्राकृती पुरी, या गावाची खासियत.

बाजारापेक्षा माझा पाय अडकला तो किल्ल्याजवळच्या संग्रहालयाच्या धक्क्यावर. तिथे जुनी जहाजं बांधून ठेवली आहेत. त्यांतलं 'सालामा' 1874 चं, शिडंही असलेलं आणि वाफेचं इंजिनही. 1898 ला टक्कर होऊन ते बुडालं आणि 1971 ला वर काढलं. सत्तराहून जास्त वर्षं तळाशी, आणि लाकूड शाबूत! गोड्या पाण्यात लाकूड पोखरणारा समुद्री किडा जगत नाही, शिवाय तळाशी थंडी आणि काळोख. पण हे झालं निसर्गाचं काम. कुणीतरी ते शोधलं, वर काढलं, डागडुजी केली, हे माणसांचं.

सावोनलिन्ना ते कुओपिओ हा प्रवास सकाळी सुरू होऊन संध्याकाळी संपतो. रस्त्याने हेच अंतर दोन-अडीच तासांचं. बोटीवर जेवण मिळतं, बाकडी आहेत, चहा-कॉफी सतत. आम्ही पुढच्या डेकवर जागा धरली ती शेवटपर्यंत सोडली नाही.

हा हेइनावेसीचा जलमार्ग. खालच्या हाउकिवेसी तळ्याहून कुओपिओच्या काल्लावेसी तळ्यापर्यंत पाणी सहा मीटर चढतं. वाटेत पाच लॉक आहेत: पिलप्पा, वॅराकोस्की, विहोवुओन्ने, केर्मा, कार्विओ. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला ती बांधली. मॅल्कियासारखी खोल नाहीत, छोटी, गावाकडची, शेजारी लाल रंगाचं लाकडी घर आणि हिरवळ. लॉकच्या बाजूलाच मूळचा प्रवाह खडकांवरून खळाळत असतो, तो कुणी बंद केलेला नाही. कार्विओला आम्ही वर चढत होतो तेव्हा शेजारच्या प्रवाहात कमरेएवढ्या पाण्यात एक माणूस गळ टाकून उभा होता. त्याने वर बघितलंही नाही.

लहान होड्यांचे मालक लॉकपाशी आले की काय करतात, ते मी केर्माला नीट बघितलं. पाण्यावर एका खांबाच्या आडव्या हातातून एक दोरी लोंबत असते. होडीतून हात वर करून ती ओढायची. बस. दिवा लाल असतो तो थोड्या वेळाने हिरवा होतो, दरवाजा उघडतो. पैसे नाहीत, कागद नाही, कुणाची परवानगी नाही. बारा-तेरा वर्षांच्या एका मुलीने होडीत उभं राहून ती दोरी ओढली आणि शंभरेक वर्षांपूर्वी आखलेल्या त्या वाटेवर सरकारचं पाणी तिच्यासाठी खाली-वर झालं. मला त्या क्षणी भरून आलं, हे लिहायला संकोच वाटत नाही.

कारण माझं बालपण आगबोटीच्या गोष्टींवर गेलं. भाऊच्या धक्क्यावरून निघून हर्णे, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला करत जाणारी आगबोट. आजी सांगायची, की भोंगा ऐकू आला की गाव बंदराकडे धावायचं. बऱ्याच बंदरांत आगबोट बाहेरच उभी राहायची, उतारूंना पडावातून आणावं लागे, आणि लाटेवर पडाव वर आला की खलाशी लेकरं वरच्या वर झेलायचे. मुंबईला गेलेल्याचे पैसे, पत्रं, आजारी माणूस, नवी सून, आंब्याच्या पेट्या, सगळं आगबोटीने. 17 जुलै 1947 ला रेवसला निघालेली 'रामदास' बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली, त्या दिवसाचं नाव काढलं की आमच्या घरात अजूनही मोठी माणसं गप्प होतात. फिनलंडच्या आठवणीतही असा एक दिवस आहे: 7 सप्टेंबर 1929, तांपेरेजवळच्या तळ्यावर वादळात 'कुरू' ही आगबोट उलटली, शंभराहून अधिक बळी. पाण्यावरचं जगणं सगळीकडे एकाच मापाने किंमत वसूल करतं.

मग रस्ते आले. तिथेही आणि इथेही. साइमावरच्या आगबोटींचा धंदा मोटारींनी आणि रेल्वेने खाल्ला, अगदी आमच्यासारखाच. फरक पुढे पडला. आमच्याकडे आगबोट गेली ती धक्क्यांसकट गेली. बंदरं गाळाने भरली, गोदामांची छपरं कोसळली, भोंग्याची वेळ सांगू शकणारी माणसंही आता फारशी उरली नाहीत. 2016 च्या कायद्याने देशात 111 राष्ट्रीय जलमार्ग ठरवले गेले, त्यांत आमची दाभोळ खाडी आणि वाशिष्ठीही आहे. 2020 पासून भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला गाड्या नेणारी रो-रो जाते, दाभोळ-धोपाव्याची फेरीबोट तर माझ्या माहेरच्या वाटेवरचीच. या सगळ्याचा मला मनापासून आनंद आहे. पण कायद्याच्या यादीत नाव असणं वेगळं आणि कुणीही हात वर करून दोरी ओढावी इतकं पाणी आपलं असणं वेगळं. फिनलंडमधल्या त्या लॉकांमधून माल जवळपास जात नाही, काही ठिकाणी लाकडाच्या ओंडक्यांचे गठ्ठे बांधून टग अजून ओढून नेतात तेवढंच. तरीही दरवाज्यांना वंगण आहे, खुणांना ताजा रंग आहे. नफ्यातोट्याच्या हिशेबात हे बसत नसेल. मला वाटतं बसवूही नये.

खुणांबद्दल सांगायलाच हवं. बेटांच्या या गर्दीत कप्तान वाट कशी शोधतो? किनाऱ्यावर झाडीत उभ्या फळ्या दिसतात, लाल, मध्ये पिवळा पट्टा. एक पाण्याजवळ, दुसरी तिच्या मागे उंचावर. दोन्ही पिवळे पट्टे एकाखाली एक जुळले की बोट खोल पाण्याच्या रेषेवर. जरा डावीकडे सरकलात तर पट्टे फाकतात. मी सुकाणूघराच्या काचेतून बघत होते. समोर यंत्राच्या पडद्यावर नकाशा चालू होता, पण कप्तानाची नजर फळ्यांवर होती. वळण आलं की तो चाक थोडंसं फिरवायचा आणि पुढच्या जोडीची वाट बघायचा. एका अरुंद जागी बेटाच्या इतक्या जवळून गेलो की खडकावरची ब्लूबेरीची झुडपं मोजता आली असती.

या हिरव्यागार उन्हाळ्यावर मात्र सहज विश्वास ठेवू नये. 1867 साली इथल्या तळ्यांवरचा बर्फ जूनपर्यंत वितळला नव्हता. पेरण्या उशिरा झाल्या, सप्टेंबरातल्या कडाक्याने उभं पीक मारलं, आणि त्या दुष्काळात दीड लाखाच्या आसपास माणसं उपासमारीने आणि साथींनी मेली, लोकसंख्येच्या आठ टक्के. पाइनच्या सालीचा आतला थर वाळवून, दळून, पिठात मिसळून भाकरी करायचे. डेकवरून दिसणारं ते पाइनचं रान मी त्यानंतर वेगळ्या नजरेने बघितलं. दुष्काळात काय काय दळून खाल्लं जातं, हे मराठवाड्यातल्या आणि माणदेशातल्या जुन्या माणसांना सांगायला नको.

सील दिसला नाही. साइमाचा सील जगात फक्त याच तळ्यात राहतो. हिमयुगानंतर जमीन वर आली तशी समुद्राची वाट तुटली आणि तो इथेच अडकला, गोड्या पाण्यात, हजारो वर्षं. ऐंशीच्या दशकात दोनशेही उरले नव्हते, आज पाचशेच्या आसपास आहेत. ऊन खात खडकावर पडायचे त्याचे दिवस मे-जूनचे, जुलैत तो क्वचितच वर येतो, त्यामुळे रुखरुख नाही. पण त्याची एक गोष्ट ताईने पुन्हा पुन्हा सांगायला लावली. मादी फेब्रुवारीत बर्फाच्या ढिगात बीळ करून पिल्लू घालते. हल्ली काही हिवाळ्यांत पुरेसा बर्फच पडत नाही. मग स्वयंसेवक गोठलेल्या तळ्यावर जातात आणि फावड्यांनी बर्फाचे ढीग रचून देतात. सीलच्या माद्या ते स्वीकारतात, तिथे बाळंत होतात. वसंतात, 15 एप्रिल ते जूनअखेर, सीलच्या टापूत जाळी लावायला बंदी असते, कारण पिल्लं जाळ्यात अडकून गुदमरतात. मासेमारीवर पोट असलेल्या माणसाला हा काळ सोसावा लागतो, आणि हे सहज घडलेलं नाही, भांडणं झाली आहेत.

हेइनावेसीच्या परिसरात व्हालामोचा मठ आहे. लाडोगातल्या बेटावरचे ऑर्थोडॉक्स साधू 1940 च्या हिवाळ्यात, युद्ध चालू असताना, गोठलेल्या तळ्यावरून पवित्र चित्रं, पुस्तकं घेऊन निघाले आणि इथे एका जुन्या वाड्यात येऊन राहिले. आम्हाला थांबायला वेळ नव्हता. त्याच परिसरात जमिनीखाली ग्राफाइट आहे, बॅटऱ्यांना लागतं ते. खाणीला तिथल्या बऱ्याच लोकांचा विरोध आहे: पाण्याचं काय होणार? मोबाइल आणि विजेची गाडी मीही वापरते, म्हणून या वादात मला पटकन बोट दाखवता येत नाही. पण मत विचाराल तर मी त्या पाण्याच्या बाजूने आहे.

संध्याकाळी काल्लावेसी मोकळं झालं, पुयो टेकडीवरचा मनोरा दिसू लागला आणि कुओपिओचा धक्का जवळ आला. सात वाजून गेले होते आणि ऊन दुपारच्यासारखं होतं. उतारू उतरायच्या आधीच खलाशी भाज्यांचे क्रेट आणि पावाची खोकी आत घ्यायला लागला. ताई त्याच्याशी खुणांनी बोलत होती. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "ही बोट परवा सकाळी परत जाते म्हणे." भाच्याने कुओपिओहून थेट रेल्वेची तिकिटं काढून ठेवली होती, त्याला फोन लावला तर तो वैतागला. "अगं आई, सावोनलिन्नाहून मग गाडी बदलत यावं लागेल." ताईने फोन माझ्या हातात दिला आणि तिकीटखिडकीकडे चालू लागली.